चेन यांचं दुसरं प्रकरण, आणि ते पाठ झाल्यावर काय उरतं

प्लाझ्मा फिजिक्सकडे वळणाऱ्या कुणाच्याही हातात पहिलं पुस्तक येतं ते फ्रान्सिस चेन यांचं. पहिली आवृत्ती १९७४ची, दुसरी १९८४ची, तिसरी २०१६ची. फोटोकॉपी, पीडीएफ, सीनियरने दिलेली कव्हर निघालेली प्रत, कुठल्या ना कुठल्या रूपात ते असतंच. आणि त्यातलं दुसरं प्रकरण, म्हणजे बाहेरून दिलेल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत एकट्या कणाचं काय होतं ते, बहुतेकांचं पाठ असतं. मुलाखतीला जायच्या आदल्या रात्री त्या प्रकरणाच्या शेवटचा ड्रिफ्टचा तक्ता एकदा डोळ्यांखालून घालायचा, असा जवळपास रिवाजच आहे.

आज या प्रकरणाबद्दल लिहायचंय. ते वाईट आहे म्हणून नाही. ते इतकं चांगलं आहे की वाचणारा तिथेच थांबतो, हा त्रास आहे.

आधी चांगलं काय ते. चेन प्रयोग करणारे शास्त्रज्ञ होते आणि ते पानापानावर दिसतं. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण गोल फिरतो, इतकं बारावीला कळलेलं असतं. त्याला काटकोनात विद्युत क्षेत्र लावलं तर कण त्या क्षेत्राच्या दिशेने न जाता दोन्ही क्षेत्रांना काटकोनात का सरकतो, हे चेन गणितानेही दाखवतात आणि चित्रानेही. वर्तुळाच्या अर्ध्या भागात कणाला ऊर्जा मिळते, त्याची त्रिज्या वाढते. उरलेल्या अर्ध्यात ऊर्जा जाते, त्रिज्या घटते. मोठं अर्धं आणि छोटं अर्धं जुळत नाही, म्हणून वर्तुळ बंद होत नाही आणि कण बाजूला सरकतो. इलेक्ट्रॉन उलटा फिरतो, पण त्याला विद्युत बलही उलट लागतं, म्हणून सरकतो त्याच दिशेला आणि त्याच वेगाने. भार, वस्तुमान, ऊर्जा, कशावरच हा वेग अवलंबून नाही. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की बसलं.

मग त्याच युक्तीने पुढचं सगळं: क्षेत्र कुठे कमी कुठे जास्त असेल तर ग्रेडियंटचा ड्रिफ्ट, क्षेत्ररेषा वाकलेली असेल तर वक्रतेचा, विद्युत क्षेत्र वेळेनुसार बदलत असेल तर पोलरायझेशनचा. शेवटी तक्ता. अभ्यासाला एवढं सोयीचं प्रकरण फिजिक्सच्या पुस्तकांत फार सापडत नाही.

आता अडचण. या प्रकरणातल्या प्रत्येक सूत्रात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र बाहेरून आलेलं आहे. कुणीतरी कॉइल गुंडाळली, कुणीतरी प्लेटला व्होल्टेज लावलं, आणि आता कणाने काय ते करावं. कण क्षेत्राचं ऐकतो, क्षेत्र कणाचं ऐकत नाही. एका कणासाठी हे अगदी बरोबर आहे. पण ज्याला आपण प्लाझ्मा म्हणतो त्यात एका घनमीटरमध्ये १०¹⁹ कण असतात, आणि ते सरकले की भार साचतो, प्रवाह वाहतो, नवी क्षेत्रं तयार होतात. चेन हे प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगतात, की प्लाझ्मा कधी द्रवासारखा वागतो तर कधी सुट्या कणांच्या गर्दीसारखा आणि आपण सोप्या टोकापासून सुरुवात करतोय. पण सुरुवातीचे परिच्छेद कोण वाचतं? सगळे थेट पहिल्या समीकरणावर जातात.

याचा परिणाम किती मोठा होतो ते एका उदाहरणावर बघू. चेन वक्रता आणि ग्रेडियंट यांचे दोन ड्रिफ्ट एकत्र करतात आणि सांगतात, की चुंबकीय क्षेत्र नुसतंच वाकवून गोल कडं केलं तर त्यात प्लाझ्मा राहणार नाही, कण सरकत बाहेर जाणार. निष्कर्ष बरोबर आहे. पण त्या पानावर वाचणाऱ्याला जे कारण कळतं ते अर्धंच आहे.

आकडे घालू. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला आदित्य टोकामॅक १९८९मध्ये सुरू झाला. त्याची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर आणि छोटी ०.२५ मीटर. आपण याच मापाचं कडं घेऊ, त्यात ०.८ टेस्लाचं क्षेत्र, हायड्रोजनचा प्लाझ्मा, आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही २०० इलेक्ट्रॉनव्होल्टवर. हे आकडे हिशोबासाठी धरलेत, एखाद्या ठरावीक शॉटचे नव्हेत. दोन्ही ड्रिफ्ट मिळून वेग येतो सेकंदाला साधारण ६७० मीटर. ०.२५ मीटर सरकायला ०.४ मिलिसेकंदाहूनही कमी. म्हणजे कण गेला.

पण गेला कुठे? दुसऱ्या प्रकरणाप्रमाणे आयन वर गेले तर इलेक्ट्रॉन खाली. छताला आयन, तळाला इलेक्ट्रॉन. असं होऊ शकेल का? अगदी थोडे कण सरकले तरी वरखाली भार साचतो, उभं विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्राचा परिणाम तुम्हाला आधीच पाठ आहे: भार कुठलाही असो, सगळे एकाच दिशेला सरकतात. ती दिशा म्हणजे कड्याच्या बाहेरची बाजू. म्हणजे प्लाझ्मा वर-खाली विभागून जात नाही, अख्खाच्या अख्खा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आपटतो. हे विद्युत क्षेत्र किती वेगाने वाढेल तेही त्याच तक्त्यातून निघतं, कारण वाढत्या क्षेत्राला पोलरायझेशनचा प्रवाह विरोध करतो. दोन्ही प्रवाह समान धरून हिशोब केला तर बाहेरच्या दिशेचं त्वरण सेकंदवर्गाला सुमारे १०¹¹ मीटर येतं, आणि ०.२५ मीटर जायला लागतात दोनेक मायक्रोसेकंद.

०.४ मिलिसेकंद आणि २ मायक्रोसेकंद. दीडशेपटीहून जास्त फरक, दिशाही वेगळी. आणि गंमत म्हणजे वापरलेली सगळी सूत्रं दुसऱ्याच प्रकरणातली! सूत्र एकही चुकलेलं नाही. फक्त विद्युत क्षेत्र बाहेरून न घेता प्लाझ्माला तयार करू दिलं, एवढंच. माझ्या मते हा हिशोब त्या प्रकरणाच्या शेवटी उदाहरण म्हणून हवा होता. दोन पानांत बसतो, नवं गणित काही लागत नाही, आणि विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच कळतं की कण आणि प्लाझ्मा यांच्यात नेमकं काय मध्ये येतं.

टोकामॅकमध्ये यावर उपाय म्हणजे क्षेत्ररेषांना पीळ देणं, म्हणजे वर साचलेला आणि खाली साचलेला भार रेषेवरून धावत एकमेकांना भेटतो. आणि हा पीळ येतो प्लाझ्मातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. वरच्या आकड्यांत १०¹⁹ घनता धरली तर प्लाझ्माचा दाब चुंबकीय दाबाच्या फक्त पाव टक्का येतो. कागदावर बघणारा म्हणेल, मग क्षेत्र बाहेरचंच धरू की, पाव टक्क्याने काय फरक पडतो. पण ज्या पिळामुळे प्लाझ्मा टिकतो तो प्लाझ्माचा स्वतःचा आहे.

दुसरा अडथळा तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि तिथे माझी तक्रार वेगळ्या प्रकारची आहे. चेन तिथे प्लाझ्माला द्रव मानून समीकरणं मांडतात, आणि एक नवाच ड्रिफ्ट निघतो, डायामॅग्नेटिक. दाब एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर द्रव त्या दोन्हींना काटकोनात वाहतो. विद्यार्थी मागे जाऊन तक्ता बघतो, तिथे हा नाही. उलट क्षेत्राच्या ग्रेडियंटचा ड्रिफ्ट तक्त्यात आहे, तर द्रवाच्या चित्रात तो दिसत नाही. मग खरं कुठलं?

दोन्ही खरं आहे, आणि चेन चित्र काढून ते सांगतातही. पण फार घाईत. मी ते असं समजावतो. मोठ्या अंगणात पुष्कळ जोड्या फुगडी खेळताहेत असं समजा, सगळ्या एकाच दिशेने फिरणाऱ्या. डाव्या बाजूला गर्दी, उजवीकडे जोड्या विरळ. एकही जोडी जागा सोडत नाही. आता मधोमध एक छोटी खिडकी धरा आणि तिच्यात दिसणाऱ्या मुली कुठल्या दिशेला जाताहेत ते मोजा. डावीकडच्या फुगड्यांची उजवी कड खिडकीत येते, त्या मुली समजा पुढे जाताहेत. उजवीकडच्या फुगड्यांची डावी कड येते, त्या मागे जाताहेत. डावीकडे गर्दी जास्त, म्हणून पुढे जाणाऱ्या जास्त मोजल्या जातात. खिडकीत बसलेला माणूस म्हणणार, इथून पुढे प्रवाह आहे. जोड्यांना विचारलं तर त्या म्हणणार, आम्ही जागच्या जागी आहोत. (फुगडीच्या जोड्या एकमेकींत घुसू शकत नाहीत, कणांची वर्तुळं खुशाल एकमेकांत मिसळतात, एवढा फरक सोडून द्या.)

जोडीचा मध्य म्हणजे गाइडिंग सेंटर, खिडकीतली मोजणी म्हणजे द्रवाचा वेग. दुसरं प्रकरण पहिल्याबद्दल बोलतं, तिसरं दुसऱ्याबद्दल. दोन्हींमधला फरक म्हणजे कणांच्या वर्तुळांमुळे येणारा मॅग्नेटायझेशनचा प्रवाह, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की तो कुठेच साचत नाही. वाहतो, पण कुणाला कुठून कुठे नेत नाही.

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटत असेल तर प्रयोगशाळेत या. टोकामॅकच्या कडेला स्पेक्ट्रोमीटर लावून आयनांच्या प्रकाशातलं डॉप्लर सरकणं मोजलं, की मिळतो तो खिडकीतला वेग, म्हणजे द्रवाचा. त्यातून विद्युत क्षेत्र काढायचं असतं, कारण कडेवरच्या विद्युत क्षेत्रावर प्लाझ्माचं टिकणं अवलंबून आहे. आता ज्याला फक्त दुसरं प्रकरण येतं तो काय करेल? वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र, झालं विद्युत क्षेत्र. समजा कडेला तापमान ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि दाब दोन सेंटिमीटरच्या अंतरमापाने पडतोय. तर ०.८ टेस्लात हायड्रोजन आयनांचा नुसता डायामॅग्नेटिक वेगच सेकंदाला १.९ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि त्याचा अर्थ मीटरला १५०० व्होल्टचं विद्युत क्षेत्र, जे तिथे नाहीच! कडेवर खरं क्षेत्रही साधारण याच घरात असू शकतं. म्हणजे चूक दहा-वीस टक्क्यांची राहत नाही, उत्तराची दिशाच उलटू शकते. बऱ्याचदा मोजणी कार्बनसारख्या अशुद्धीच्या आयनांवरून होते, त्यांचा भार जास्त असल्याने हा घटक लहान होतो आणि चूक झाकली जाते. झाकली जाते, जात नाही.

म्हणून संशोधनाच्या दृष्टीने माझ्यासाठी तिसऱ्या प्रकरणातली ती दोन-तीन पानं दुसऱ्या प्रकरणातल्या अख्ख्या तक्त्यापेक्षा महत्त्वाची आहेत. चेन तिथे एका वाक्यात सांगून जातात की चुंबकीय क्षेत्र मॅक्सवेलियन वितरणाला हात लावत नाही, म्हणून द्रवाला ग्रेडियंटचा ड्रिफ्ट नाही. वाक्य अचूक आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते पटत नाही, तो फक्त मान डोलावतो आणि पुढे जातो. याउलट गोल्डस्टन आणि रदरफर्ड यांचं १९९५चं पुस्तक बघा. ते चेनइतकं गोड नाही, चित्रं कोरडी आहेत, पण द्रवाची समीकरणं आणि गाइडिंग सेंटरचे ड्रिफ्ट यांचं नातं काय, या एकाच प्रश्नाला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिलंय. या एका बाबतीत ते पुस्तक स्पष्टपणे सरस आहे.

आता पाचवं प्रकरण, विसरणाचं. इथे मला पुस्तक सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात अपुरंही वाटतं.

चुंबकीय क्षेत्राला बांधलेला कण टक्कर झाली की एका वर्तुळाएवढा बाजूला सरकतो. वरच्या आकड्यांत इलेक्ट्रॉनच्या वर्तुळाची त्रिज्या ०.०४ मिलिमीटर, प्रोटॉनची १.८ मिलिमीटर. अशा चिमुकल्या पावलांनी पाव मीटर जायचं, तेही विरळ टक्करींच्या भरवशावर. हिशोब केला तर प्लाझ्मा मिनिटभर टिकायला हवा. क्षेत्र दुप्पट केलं तर चौपट वेळ. पन्नासच्या दशकात फ्यूजन लवकरच हाती येईल असं वाटत होतं, त्यामागे हाच हिशोब होता.

पण त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्यासाठी चुंबकीय क्षेत्रातल्या आर्कवर काम करताना डेव्हिड बोम आणि सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं होतं. विसरण क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्तात नाही, तर नुसतं क्षेत्राच्या व्यस्तात घटतं. सूत्रात १/१६ असा एक आकडा, ज्याचं नीट कारण कुणी दिलेलं नव्हतं. हे सूत्र आपल्या कड्याला लावलं तर प्लाझ्मा टिकतो दोन मिलिसेकंद. मिनिटभर कुठे, दोन मिलिसेकंद कुठे! आणि प्रिन्स्टनच्या स्टेलरेटरमध्ये वर्षानुवर्षं बोमच्या जवळपासचेच आकडे येत राहिले. चेन स्वतः त्या काळात तिथे काम करत होते, त्यामुळे हा भाग लिहिताना त्यांना कुणाकडून ऐकून लिहावं लागलेलं नाही. तो वाचताना ते जाणवतं.

कोंडी फुटली ती १९६८मध्ये. नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत आर्त्सिमोविच यांनी सोव्हिएत टी-३ टोकामॅकचे आकडे मांडले, बोमपेक्षा कितीतरी पट चांगले. पश्चिमेकडच्यांचा विश्वास बसेना. मग १९६९मध्ये ब्रिटनच्या कलम प्रयोगशाळेचा एक गट लेसरची सामग्री घेऊन मॉस्कोला गेला, त्यांनी इलेक्ट्रॉनचं तापमान स्वतः मोजलं आणि ते खरोखरच एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात निघालं. शीतयुद्ध ऐन भरात असताना एका देशाच्या यंत्रावर दुसऱ्या देशाने जाऊन मोजमाप करायचं, ही गोष्ट मला त्या आकड्याइतकीच मोठी वाटते. पुढच्या वर्षी प्रिन्स्टनने आपला मॉडेल-सी स्टेलरेटर मोडून त्याचा टोकामॅक केला.

मग बोमचं सूत्र येतं कुठून? चेन याचा माप-परिमाणांवरून अंदाज देतात, आणि तो फार सुंदर आहे. प्लाझ्मातल्या विद्युत विभवाचे चढउतार जास्तीत जास्त किती असतील? कणांच्या तापमानाएवढे. त्यांतून विद्युत क्षेत्र येतं, त्यातून सरकण्याचा वेग येतो, वेग गुणिले अंतर केलं की विसरण. अंतर कटतं, आणि उरतं तापमान भागिले चुंबकीय क्षेत्र. बोम! म्हणजे इथेही सूत्र दुसऱ्या प्रकरणातलं अगदी पहिलंच. फक्त विद्युत क्षेत्र पुन्हा एकदा बाहेरून आलेलं नाही, प्लाझ्माने स्वतः, गोंधळ घालत, तयार केलेलं आहे.

मला खटकतं ते हे, की पुस्तक इथे थांबतं. क्षेत्ररेषांच्या चुका, एका जागी साचलेली असमान विद्युत क्षेत्रं, अस्थिरतांमुळे डोलणारी क्षेत्रं अशी संभाव्य कारणं मांडली जातात आणि विषय पुढे सरकतो. १९७४मध्ये ते ठीक होतं. पण २०१६च्या आवृत्तीत विशेष प्रकारचे प्लाझ्मा आणि उपयोग यांवर नवी प्रकरणं आली, आणि पाचव्या प्रकरणाचा सूर मात्र कोडं मांडण्याचाच राहिला. मधल्या चाळीस वर्षांत हे चढउतार थेट मोजले गेले. आपल्या आदित्यवरच कडेच्या टर्ब्युलन्समध्ये चढउतार सलग नसून मधूनमधून झटके येतात, हे १९९२मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आलं. प्लाझ्मा भिंतीकडे ठिबकत जात नाही, गोळ्या-गोळ्यांनी फेकला जातो. त्या गोळ्यांचं गणित पुन्हा तेच: ग्रेडियंट आणि वक्रतेने गोळ्याच्या वर-खाली भार वेगळा होतो, विद्युत क्षेत्र तयार होतं, गोळा बाहेर जातो. आपण वर केलेला कड्याचा हिशोब, छोट्या आकारात.

पहिल्या वर्षात कसं वाचावं, असं मला ज्युनियर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. दुसरं प्रकरण सोडू नका, पण तक्ता पाठ करण्यात रात्र घालवू नका. प्रत्येक सूत्राशेजारी पेन्सिलने लिहा: यातलं क्षेत्र कुणी तयार केलं? कॉइलने की प्लाझ्माने? मग तिसऱ्यातला डायामॅग्नेटिकचा भाग दोनदा वाचा, तो अडला की गोल्डस्टन-रदरफर्डचं ते प्रकरण काढा, आणि पाचव्यातला बोमचा भाग वाचताना दुसरं प्रकरण शेजारी उघडं ठेवा. सातव्यातलं लँडाउ डॅम्पिंग थोडं थांबू शकतं, जरी मुलाखत घेणाऱ्यांचा त्याच्यावर विशेष जीव असला तरी.

आणि मुलाखतीत कुणी विचारलं, चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कसा वागतो, तर लगेच फळ्याकडे वळून वर्तुळ काढू नका. आधी त्यांनाच विचारा, घनता किती, तापमान किती, आणि कड्याची त्रिज्या किती धरायची.